दारोदारची हजेरी

सेतुमाधव राव.

तुमचं नाव असं उघडं, मागंपुढं काही न लावता, मी आयुष्यात दुसऱ्यांदा लिहितो आहे. पहिल्यांदा लिहिलं ते तुम्हालाच पाठवलेल्या पत्रात, आणि ते पत्र मी या लेखाच्या शेवटी ठेवणार आहे. आपल्या तमिळ मुलखातल्या कुंभकोणात मास्तरांचं नाव कुणी तोंडानं घेत नाही. शाळेत तुम्ही ‘सार’ होतात, शिंप्यांच्या आमच्या आळीत ‘वाद्यार’, आणि आमच्या घरात मराठी बोलताना नुसते ‘ते’. ‘ते आले’ म्हटलं की आई पदर सारखा करायची आणि अप्पा मशीनवरचा पाय उचलायचे. पण मी आज जो कोणी आहे तो ज्यांच्यामुळे आहे, त्यांचं नाव पहिल्या ओळीत यावं असं वाटलं. रागावू नका.

तुमच्या मुलीचा फोन इकडे साताऱ्याला, माझ्या बँकेत आला. बाजाराचा दिवस होता, काउंटरवर गर्दी होती. ती म्हणाली, “अप्पा सकाळी गेले.” समोर एक म्हातारे पासबुक पुढे करून उभे होते. त्यांचं काम करून दिलं आणि मग आत जाऊन बसलो. शेजारच्या टेबलावरच्यांनी विचारलं, काय झालं? मी म्हणालो, “आमचे वाद्यार गेले.” ते हळहळले आणि जरा वेळानं म्हणाले, “वाजंत्रीवाले होते का?” मी हो म्हणालो, सार. समजावून सांगायची ताकद नव्हती. सगळा दिवस साताऱ्यात मी एका वाजंत्रीवाल्याचं सुतक धरून बसलो होतो. तुम्ही असतात तर मांडीवर हात आपटून हसला असतात.

शब्दांवरून आपलं नेहमीच जुंपायचं. बँकेत लागल्यावर पहिल्या सुट्टीत मी साक्कोट्टैला तुमच्या ओट्यावर येऊन बसलो होतो आणि माझी फजिती तुम्हाला सांगत होतो. एका आजींना मी म्हणालो होतो, “थांबा हं, साहेबांना पुसून येतों.” तर आमचे कॅशियर म्हणाले, “पुसा की, पण ओल्या फडक्यानं पुसा, धूळ फार बसलीय त्यांच्यावर.” सगळं काउंटर हसलं. मला वाटलं, तुम्हीही हसाल. तुम्ही कॉफीचा पेला खाली ठेवलात.

“तिकडल्यांनी पुसणं फडक्यास दिलं?”

“हो सार. तिकडे विचारतात.”

“विचार तर मनांत करायचा. पुसायचं ते तोंडानं, दारांत उभं राहून.” आणि वर म्हणालात, “तुझी मराठी इस्त्री करून आणलीस की रे. परटास किती दिलेस?”

त्यानंतर तुमच्याशी बोलताना मी घरचीच मराठी बोललो. तुमच्यासमोर ‘विचारतो’ म्हणायची माझी छाती झाली नाही. आणि दारात उभं राहून पुसणं म्हणजे काय, हे मला तरी कुणी नव्यानं सांगायची गरज नव्हती. ते मी आठवीत असताना, आमच्या खिडकीच्या गजांआडून, रोज सकाळी पाहिलं होतं.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे. पण हे वाचणाऱ्यांना ठाऊक नाही, म्हणून लिहितो.

पोंगल होऊन गेला होता आणि गावात वांतिबेदी आली. मराठीत पटकी म्हणतात, हे मला पुढे कळलं. आधी ती नदीपलीकडे होती, मग बाजारात आली. शाळेनं सुरुवातीला तिला शिस्तीनं तोंड दिलं. व्हरांड्यातले पाण्याचे मातीचे रांजण उपडे झाले. ज्यानं त्यानं घरून उकळलेलं पाणी आणायचं. ज्यांच्या घरी पाण्यासाठी वेगळं सरपण जाळणं परवडत नव्हतं, त्यांच्यासाठी शाळेच्या स्वयंपाकघरात मोठ्या पितळी हंड्यात पाणी उकळायचं, आणि तुम्ही स्वतः ओगराळ्यानं ते वाटायचात. फाटकापाशी तिखटमीठ लावून कैरीच्या फोडी विकणारा म्हातारा हाकलला गेला. हात ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवूनच वर्गात यायचं, त्यामुळे वह्यांना, डब्यांना, खिशातल्या गोट्यांनासुद्धा तोच वास. मग टोचणी झाली. सगळ्यांना डाव्या दंडावर, कारण उजव्यानं लिहायचं होतं. दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग तापानं फणफणत आला, तर तुम्ही म्हणालात, “डावा हात रडूं दे. उजवा काढा बाहेर.” मग बाकं लांब लांब झाली. प्रार्थना बंद झाली, खेळ बंद झाला.

आणि एका सकाळी आम्ही गेलो तर शाळाच राहिली नव्हती. आरोग्य खात्याच्या लोकांनी इमारत ताब्यात घेतली होती. गावच्या इस्पितळात जागा उरली नव्हती. आमच्या आठवीच्या वर्गात खाटा लागल्या, खाटा कमी पडल्या तेव्हा आमची बाकं जोडली गेली.

आमच्या आळीत शाळा बंद होणं म्हणजे सुट्टी नसायची. अप्पा देवळाच्या रथांना लावायची कापडी तोरणं आणि लोंबते गोल तोंबै शिवायचे, आणि त्या वेळी तिरुनागेश्वरमच्या देवळाचं काम हाती होतं. त्याच दिवशी दुपारी त्यांनी माझ्यापुढे लाल कापड टाकलं आणि कातर दिली. “गेली ती शाळा,” एवढंच म्हणाले. त्यात राग नव्हता, सुटकाच होती. त्यांना माझा हात हवा होता. माझे दोन्ही काका असेच कुठल्यातरी सुट्टीत शाळेतून उठले होते आणि परत गेले नव्हते. फार दिवस गैरहजर राहणाऱ्याचं नाव पटावरून जायचं, आणि एकदा गेलेलं नाव परत घालायला आमच्या आळीतून कुणी कचेरीची पायरी चढत नसे. वांतिबेदीनं किती पोरं जातील याची गावाला काळजी होती. ती न होता किती जातील, याची काळजी फक्त तुम्हाला होती.

दुसऱ्याच सकाळी सायकलची घंटा वाजली. तुम्ही रस्त्याच्या मधोमध उभे. हँडलला उकळलेल्या पाण्याची बाटली, काखेत छत्री, खांद्याला पिशवी, पिशवीत हजेरीपट.

“विट्टल!”

मी कातर धरून बसलो होतो. अप्पाच दाराशी गेले.

“वाद्यारे, शाळा मिटली न्हवे? दारोदार हें काय काढलंत?”

“भिक्षेस आलों म्हणा, राव. एक शब्द वाढा.”

“पोर कामांत आहे.”

“काम करूं दे की. तोंड तर रिकामं आहे त्याचं.”

अप्पांना हसू आलं, ते त्यांनी मिशीत दाबलं. आणि मी आतून ओरडलो, “उळ्ळेन अय्या!”

तमिळ शाळेत हजेरीला मुलं हेच म्हणतात. महाराष्ट्रात ‘हजर’ म्हणतात, म्हणजे मी समोर आलो आहे. ‘उळ्ळेन’ म्हणजे नुसतं ‘मी आहे’. कुठे, कसा, ते काही नाही. लहानपणी रोज ओरडत होतो, पण त्या शब्दाचा अर्थ मला त्या महिन्यापर्यंत उमगला नव्हता.

नुसत्या हजेरीवर तुम्ही थांबणारे नव्हता. उत्तर आलं की त्या दारात तुम्ही धड्यातलं एक वाक्य सांगायचात. एकच. पुढचं वाक्य पुढच्या दारात. आळी संपली की धडा संपायचा, पण अख्खा धडा कुणाकडेच नसायचा. मग संध्याकाळी परसांतून, भिंतींवरून, आमची ओरडाओरड सुरू व्हायची. तुझ्याकडे काय आलं, माझ्याकडे हे आलं, मधलं कुणाकडे आहे. पोरांनी बाहेर पडायचं नाही आणि एकत्रही यायचं नाही, असा हुकूम होता. तुम्ही आवाजांचा वर्ग भरवलात. आया चुली फुंकताना ऐकायच्या. अप्पा काम करता करता म्हणायचे, “ते पाण्याची वाफ होते म्हणालं पोर, पुढं काय झालं तिचं?”

वाक्यं गोळा करायचं काम सेल्वमचं. तो आमच्या शेजारच्या घरात राहायचा, वर्गात माझ्याच बाकावर बसायचा. त्याला वडील नव्हते. त्याची आई मीनाट्ची, जिला आम्ही पोरं ‘अत्तै’, म्हणजे आत्या, म्हणायचो, भांड्यांच्या कारखान्यासाठी घरीच पितळेला चिंच लावून घासून द्यायची. तिच्या बोटांची टोकं कायम हिरवट काळी असायची. आम्हा पोरांना ती ‘तंबी’, म्हणजे धाकट्या, म्हणायची. सेल्वमचा आवाज असा की नदीपार जावा. आंघोळीच्या दगडावर उभा राहून तो सगळा धडा पहिल्यापासून म्हणून दाखवायचा, आणि शेवटी स्वतःचं एक वाक्य चिकटवायचा, “आणि वाद्यारांच्या सायकलचं मागचं चाक डुलतं.”

ते तुमच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात तुम्ही विचारलंत, “धड्यात चाक कुणी घातलं?” आणि मग, “सेल्वम!”

आतून उत्तर आलं, “इल्लै अय्या!” म्हणजे, नाही, अय्या.

“नाहीस तर बोलतो कोण?”

सगळी आळी हसली. ज्या घरांत सकाळी रडारड झाली होती तीही. तुम्ही तोंड फिरवून सायकलचं मागचं चाक तपासल्यासारखं केलंत, पण तुमचे खांदे हलत होते. त्या महिन्यात आळीनं हसलेलं मला तेवढंच आठवतं.

मग त्याला झालं. संध्याकाळी त्याचा आवाज आला नाही. मी भिंतीवर चढून पाहिलं तर अत्तै अंगण धुवत होती आणि परत परत धुवत होती. त्याला हातगाडीवर घालून नेलं. कुठे, तर शाळेत. आमच्याच वर्गात.

सकाळी तुम्ही आलात. अत्तै कपडे घ्यायला घरी आली होती. तुम्हाला माहीत होतं की नाही, मला कळेना, कारण तुम्ही नेहमीसारखंच म्हणालात, “सेल्वम!” मी गज धरून उभा. शेजारच्या अंधारातून एक बारीक, ओढून लहान केलेला आवाज आला.

“उळ्ळेन अय्या.”

पोराचं वर्ष बुडू नये म्हणून त्याच्या आईनं त्याची ओ दिली होती. तुम्ही मान खाली घालून खूण केलीत आणि वाक्य सांगितलंत. त्या संध्याकाळी भिंतीवर, जिथे त्याचं डोकं दिसायचं तिथे, तिचं दिसलं. तिला लिहितावाचता येत नव्हतं. ती शब्द एकेक ठेवल्यासारखी म्हणाली, “चंद्राला स्वतःचा उजेड नाही.” आणि म्हणाली, “पुढचं कुणाकडे आहे, तंबी?”

माझ्याकडे होतं. मला सांगता येईना.

सेल्वम गेला तेव्हा तुम्ही तिथे होतात. चमच्यानं मीठसाखरेचं पाणी पाजत होतात, असं लोक म्हणाले. तो आमच्या बाकावर गेला का दुसऱ्या, ते मी तुम्हाला कधी विचारलं नाही. पुसलं नाही.

पुढच्या सकाळी घंटा वाजली तेव्हा आळीतलं एकही मशीन चालत नव्हतं. सगळे दारांच्या फटींशी. आता तुम्ही त्या दारावरून सरळ पुढे निघून याल, असंच सगळ्यांना वाटलं. तुम्ही थांबलात. पट उघडलात.

“सेल्वम.”

तुम्ही ते हळू म्हणालात, पण त्या शांततेत ते गल्लीच्या टोकापर्यंत गेलं. ऊन चढत होतं. छत्री काखेतच होती. तुम्ही उभे राहिलात, आणि उभेच राहिलात. मला वाटलं, आता अत्तै किंचाळणार. अप्पा माझ्या मागे येऊन उभे होते, त्यांचा श्वास माझ्या मानेवर येत होता.

“उळ्ळेन अय्या.”

तुम्ही खूण केलीत. वाक्य सांगितलंत. आणि माझ्या दारात आलात.

हे एक दिवसाचं असतं तर लोकांनी सोडून दिलं असतं. तुम्ही रोज आलात. शाळा आम्हाला परत मिळेपर्यंत रोज त्या दारात गेलेल्या पोराचं नाव घेतलंत, आणि रोज तिनं ओ दिली, आणि रोज संध्याकाळी भिंतीवरून वाक्य सांगितलं. बायका म्हणायला लागल्या, ती भ्रमिष्ट झाली आणि वाद्यार तिला खेळवतात. अप्पा घरात म्हणाले, “ह्या माणसांस काळीज आहे की चामडं?” पण एक सांगतो. त्या पहिल्या सकाळपासून अप्पांनी घंटा वाजायच्या आधी माझ्या हातातली कातर काढून घ्यायला सुरुवात केली. मी खिडकीशी मोकळ्या हातांनी उभा असायचो.

शाळा उघडली. भिंतींना नवा चुना, जमिनीला फिनाईलचा वास. काही बाकांच्या मधल्या फळ्या नव्या होत्या, त्या कुठल्या ते आम्ही बघायचं टाळलं. तुम्ही हजेरी सुरू केलीत. सेल्वमच्या नावापाशी आलात. चष्मा काढलात. पुसलात. मग पट मिटलात आणि खडू उचललात. माझं नाव त्याच्या खाली होतं. त्या दिवशी ते घेतलं गेलं नाही. आमच्यापैकी कितीतरी जणांना त्या दिवशी कुणी विचारलंच नाही, आहात का.

त्यानंतरचं सगळं तुमचंच केलेलं आहे. आठवी पार पडली, दहावी झाली. कॉलेजला पाठवायला अप्पा तयार नव्हते, तेव्हा तुम्ही आठवडाभर संध्याकाळी येऊन आमच्या ओट्यावर बसायचात, विषय न काढता, आणि अप्पांच्या सुयांत दोरे ओवून द्यायचात. शेवटी अप्पाच वैतागले. “पाठवतों त्यास. पण तुम्ही आतां उठा वाद्यारे, तुमचे दोरे उदंड लांब होतात.” आमच्या घराण्यात पहिल्यांदा कुणीतरी पदवीचा कागद आणला, तो त्या लांब दोऱ्यांचा. तुमच्याविषयी दुसरं काही न लिहिता एवढंच लिहिलं असतं तरी चाललं असतं.

पण आपला वाद राहिला आहे.

मोठा झाल्यावर, चार पुस्तकं वाचल्यावर, मला तुमचा राग यायला लागला. दर सुट्टीत मी साक्कोट्टैच्या ओट्यावर तोच विषय काढायचो. सार, तुम्ही तिला फसवलंत. तिनं रडायला हवं होतं, तुम्ही तिला ओ द्यायला लावलीत. तुम्ही सुपारी कातरत ऐकायचात.

“मी पुसलों. तिनं सांगितलं. ह्यांत खोटं कोण बोललं?”

“पण तो नव्हता, सार.”

“मज काय माहीत नव्हतं? त्यास पाणी पाजायचा चमचा माझ्याच हातांत होता.”

“मग कशाला पुसलंत?”

एकदाच, एकदाच तुम्ही थोडं बोललात. “नांव न घेतां पुढं गेलों असतों, तर त्या दारांत ती एकटी राहिली असती. म्हटलं, ती थांबेल तेव्हां मी थांबेन. ती थांबली नाही. मी कसा थांबूं?” आणि लगेच उठून आत गेलात, “कॉफी होणां तुज?” म्हणत. म्हणजे, हवी का तुला. माझं उत्तर ऐकायला थांबला नाहीत. मी म्हणणार होतो, हे पुरेसं नाही.

गेल्या सुट्टीत गावी आलो तेव्हा तुमच्या दाराला कुलूप होतं. मुलगी तुम्हाला तिरुच्चीला घेऊन गेली होती. तुमचा आवाज गेला आहे आणि माणसं भेटायला आली की त्रास होतो, असं शेजाऱ्यांनी सांगितलं. मी परत फिरलो आणि जुन्या आळीत गेलो. आमचं घर आता दुसऱ्यांचं आहे. शेजारच्या दारात मीनाट्ची अत्तै बसली होती, पायाशी घासायचे दिवे, बोटं तशीच.

“विट्टल ना रे? बँकेत आहेस म्हणे. मग असा वाळलेला का? तिकडे भात देत नाहीत?”

“देतात अत्तै. पोळ्याही देतात.”

“तरीच. बस. सार कसे आहेत?”

मी सांगितलं. तिनं पुढचा दिवा घासायला घेतला. मग मी इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं ते विचारलं. तुमच्यासारखं, दारात. “त्या सकाळी तुम्ही ओ का दिलीत, अत्तै?”

“का म्हणजे? मला काय माहीत नव्हतं का रे? शेवटचं पाणी मीच घातलं तोंडात.”

“मग?”

“सार आले. नाव घेतलं. म्हटलं, घेतील आणि जातील. जाईनात. त्या उन्हात उभे, छत्री काखेत, उघडायचं भान नाही. मी फटीतून बघत होते. तोंड बघवेना त्यांचं. मला वाटलं, ह्या माणसाला अजून पटलेलं नाही पोर गेलं ते. एवढा मोठा माणूस, भर रस्त्यात कोसळेल. म्हणून ओ दिली.” तिनं दिवा पालथा केला. “दुसऱ्या दिवशी परत आले. म्हटलं, बरं, अजून थोडे दिवस. ते थांबतील तेव्हा आपण थांबू.”

तुमचं वाक्य माझ्या तोंडात होतं, सार. शब्दाला शब्द लागत होता. मी ते गिळलं. कारण ती पुढे म्हणाली, “त्यांना हे सांगू नकोस हं, तंबी. मला त्यांनी सांभाळलं असं त्यांना वाटतं ना? वाटू दे.” आणि मग, उठता उठता, जणू वेगळंच काही, “वाक्यं मात्र चांगली असायची. माझ्या दारात पडलेली सगळी आठवतात. पुढची कुणाकुणाकडे गेली, देव जाणे.”

तर सार, ते हे असं होतं. तुम्ही तिच्यासाठी हाक मारत होता आणि ती तुमच्यासाठी ओ देत होती, आणि दोघंही दुसऱ्यानं थांबायची वाट बघत होता. मधल्या खिडकीत मी उभा होतो आणि इतकी वर्षं तुम्हाला कोर्टात उभं करत होतो. मी तिला दिलेला शब्द पाळला. पत्रात हे लिहिलं नाही. पाळायला नको होता का, हे मला आज कळत नाही. तिचं म्हणणं तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही हसला असतात, की गप्प झाला असतात? तुमच्याकडून आयुष्यभर उत्तरं मिळाली, आणि जे सांगायचं खरं होतं ते सांगायला मी तुम्ही नसण्याची वाट पाहिली.

पुढच्या आठवड्यात गावी येतो आहे. तुम्ही गेल्याचं अत्तैला कुणी सांगितलं आहे का, मला माहीत नाही. बहुतेक त्या दारात मलाच उभं राहावं लागेल. ती विचारेल, सार कसे आहेत. मला काय म्हणायचं ते सुचत नाही, आणि ज्यांना पुसावं ते तुम्हीच.

पत्र पोचलं होतं. तुमच्या मुलीनं ते वाचून दाखवलं. शेवटची ओळ मोठ्यानं वाचली, असं ती फोनवर म्हणाली. तुम्ही मान वळवून दाराकडे पाहिलंत. ओठ हललेले तिला दिसले नाहीत. ते पत्र असं होतं:

तीर्थरूप सारांस विट्टलाचा साष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही चोखोट आहों. हें पत्र आपल्या मराठींत लिहितों आहें, इस्त्री केलेली नाही, चुरगळलेलीच आहे.

गावीं जाऊन आलों. तुमच्या दारास कुलूप पाहून बरं वाटलं नाही. ओट्यावर थोडा बसून आलों. मीनाट्ची अत्तै भेटली. तुम्हांस पुसत होती. दिवे घासते अजून. तुम्ही तिच्या दारांत सांगितलेलीं वाक्यं तिज असकीं आठवतात. पुढचीं कोणाकडे गेलीं म्हणून पुसत होती. तुम्हांस आठवत असतील तर लिहून पाठवा, मी तिज वाचून दाखवेन.

आपला वाद मी सोडतों आहें. हरलों म्हणून नव्हे. कां तें पुसूं नका, एवढं एक माझ्याकडे राहूं दे.

शाळा उघडली त्या दिवशीं तुम्ही पट मिटलात, माझं नांव घ्यायचं राहिलं. तें उत्तर आज देतों. उळ्ळेन अय्या.

आतां हजेरी घ्यायची पाळी माझी. मुलगी वाचत असेल तर तिनं शेवटची ओळ जरा मोठ्यानं वाचावी. मी तुमच्या दारांत उभा आहें. ऊन फार नाही, छत्री आहे मजजवळ. घाई करूं नका. ओ आल्यावांचून पुढच्या दारीं जाणार नाही.

सेतुमाधव राव.